मुरमावरचं घर, चाकावरचं बिऱ्हाड

भाऊबिजेला ताईकडे गेलो होतो. जेवणं झाली, आणि भाचा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. "मामा, एक हिशेब करून द्या." तीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढल्यामुळे नात्यागोत्यातले सगळे हिशेब माझ्याकडेच येतात, त्याचं काही नवल नव्हतं. हिशेब मात्र नवा होता.

पोरगा पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत. काम सगळं घरूनच. भाऊजींनी त्याच्यासाठी गावठाणातली जागा राखून ठेवली आहे, संत्र्याच्या बागेचे आणि त्याच्या पगारातले मिळून वीसेक लाख जमले आहेत. भाऊजींचं म्हणणं, बांध घर. ह्याचं म्हणणं, "मले घर नाही बांधाचं. ट्रॅव्हलर घेतो, आतून घर करून घेतो, अन् त्यातच राहातो. अमेरिकेत लोकं घरं विकून गाडीत राहून रायले. स्वस्त पडते."

आतून ताईचा आवाज आला, "अन् वर्षाचे गहू कुठी ठेवशीन रे?" तेव्हा आम्ही दोघंही हसलो. पुढे हिशेब करताना कळलं की तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पाठकोरं पान घेतलं आणि बसलो. तेच इथे नीट लिहून काढतो आहे, कारण घर की गाडी हा प्रश्न त्या एकट्याचा असला तरी हिशेबाची पद्धत कोणालाही कामी येईल.

आधी एक गोष्ट. घराची किंमत आणि घराचा खर्च ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे माणूस विचारतो, "कितीचं बांधलं?" आणि उत्तर येतं, "वीस लाखाचं." पण ते वीस लाख गेले कुठे? जागा तिथेच आहे, भिंती तिथेच आहेत. त्या पैशातला थोडा भाग दरवर्षी झिजतो, बाकीचा उभा असतो. खर्च म्हणायचा तो झिजलेल्या भागाला. म्हणून घराची आणि गाडीची तुलना करताना एकच प्रश्न विचारायचा: महिन्याला असा किती पैसा जातो, जो परत येणारच नाही?

ह्या झिजण्याला हिशेबात घसारा म्हणतात. आयकर खात्याने त्याचे दरच ठरवून दिले आहेत. राहत्या इमारतीला वर्षाला ५ टक्के आणि खाजगी मोटारीला १५ टक्के, तेही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. बाजारात अगदी हाच भाव मिळेल असं नाही, पण आपल्या अंदाजापेक्षा हा आकडा बरा. विमा कंपन्यांचा तक्ताही साधारण असाच आहे. गाडी पाच वर्षांची झाली की तिची विम्यातली किंमत निम्म्यावर आणून ठेवतात.

तुलना सरळ व्हावी म्हणून दोन्हीकडे वीस लाख धरले. घराकडे जागेचे ४ लाख, आणि हजार चौरस फूट बांधकामाचे १६ लाख. जागा वडिलोपार्जित असली तरी तिची किंमत धरायचीच, फुकट काही नसतं. गाडीकडे ट्रॅव्हलर आणि आतलं सगळं काम मिळून वीस. खरं सांगायचं तर एवढ्यात गाडीचं काम जेमतेम बसतं, पण भाच्याला मी तेवढी सूट दिली.

दहा वर्षांनी काय उरतं? १६ लाखांचं बांधकाम ५ टक्क्यांनी झिजत साधारण ९ लाख ५८ हजारांवर येतं. म्हणजे ६ लाख ४२ हजार गेले, महिन्याला ५,३५०. जागेचे ४ लाख मी वाढवलेही नाहीत आणि घटवलेही नाहीत. वीस लाखांची गाडी १५ टक्क्यांनी झिजत ४ लाखांच्या आत येते. १६ लाख गेले, महिन्याला १३,३००. पंपावर एक रुपया खर्च न करता, गाडी नुसती दारात उभी असतानाही, हे १३,३०० जातातच.

इथे भाच्याने बरोबर मुद्दा काढला. "मामा, गावातलं घर तरी कोण घेते?" खरं आहे. गावातलं घर विकायला काढलं की गिऱ्हाईक म्हणून बहुतेक भाऊबंदच येतात, आणि भाऊबंद भाव पाडूनच मागतात. कागदावरचे साडेनऊ लाख हातात पडतीलच असं नाही. पण ज्याला त्याच घरात राहायचं आहे त्याला विक्रीभावाशी फारसं कर्तव्य नाही. डोक्यावरचं छप्पर दहा वर्षांनीही तेच काम करतं. गाडीचं तसं नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. घराला कोणी फिटनेस सर्टिफिकेट मागत नाही.

आता चालू खर्च. भाचा म्हणाला, महिन्याला दीड हजार किलोमीटर तरी फिरेन. लिटरला दहा किलोमीटर धरले, डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे १३,५००. विम्याचे महिन्याला ३,३०० धरले. सर्व्हिसिंग आणि टायरचे ४,०००, कारण ट्रॅव्हलरला मागे जोडचाकं असतात, टायर बदलायचे तर सहा घ्यावे लागतात. महिन्यातल्या दहा रात्री पाचशे रुपये देऊन कुठे तरी गाडी लावायची, त्याचे ५,०००. घसाऱ्यासकट बेरीज ३९,००० च्या वर गेली.

घराकडे घसाऱ्याचे ५,३५०. घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून वर्षाला तीन हजार, म्हणजे महिन्याला २५०. लाईट बिल १,५००. रंगरंगोटी, गळती, नळ, मोटार यांना बांधकामाच्या एक टक्का, म्हणजे १,३५०. झाले ८,४५०. गावात राहणाराही मोटारसायकलवर फिरतोच, म्हणून पेट्रोलचे ३,००० मिळवले. साडेअकरा हजार.

एकीकडे एकोणचाळीस, एकीकडे साडेअकरा.

भाचा गप्प बसला नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही चुकीच्या घराशी तुलना करून रायले. मी आता पुण्यात बावीस हजार भाडं देतो." लाईट आणि येण्याजाण्याचं धरून त्याचे साडेसव्वीस हजार जातात. "गाडी जरा कमी फिरवली तं?" म्हटलं, करून बघू. दीड हजाराऐवजी पाचशे किलोमीटर, आणि रात्री फुकटात जिथे लावता येईल तिथेच मुक्काम. डिझेलचे ९,००० वाचले, मुक्कामाचे ५,०००. बेरीज आली पंचवीस हजारांवर. पोराचा चेहरा खुलला.

खुलू दिला थोडा वेळ. मग विचारलं, "अन् तुझे वीस लाख कुठे आहेत?"

शिकल्या-सवरलेल्या माणसाचाही हिशेब इथे चुकतो. भाड्याने राहणाऱ्याचे वीस लाख बँकेत असतात. ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर वर्षाला १ लाख ४० हजार, महिन्याला साधारण ११,६५० व्याज. गाडी घेतली की ते व्याज बुडालं. बुडालेलं व्याज कोणी खिशातून काढून नेत नाही म्हणून दिसत नाही, पण तो खर्चच आहे. घर आणि गाडी यांची तुलना करताना ते दोन्हीकडे सारखंच बुडतं, म्हणून मी मघाशी धरलं नव्हतं. भाड्याच्या घराशी तुलना करताना मात्र ते गाडीच्याच बाजूला मांडावं लागतं. पंचवीसमध्ये साडेअकरा मिळवा, गाडी गेली साडेछत्तीसवर. आणि गावच्या घराचं बुडालेलं व्याज धरूनही ते तेवीस हजारांच्या आसपासच बसतं.

शिवाय पाचशे किलोमीटरचा हिशेब जरा गमतीचा आहे. स्वस्त पडावं म्हणून फिरतं घर न फिरवता ठेवायचं, मग त्याला चाकं कशाला? अमेरिकेतल्या पूर्णवेळ गाडीत राहणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. तिथे गाड्या लावायच्या जागेचं भाडं रोजच्या दराने महाग आणि महिन्याच्या दराने स्वस्त, म्हणून जुनीजाणती मंडळी एका ठिकाणी महिनामहिना ठिय्या देतात.

मग त्यांना परवडतं कसं? कारण त्यांचं घर फार महाग पडतं. तिथे घराच्या किमतीच्या साधारण एक टक्का दरवर्षी मालमत्ता कर द्यावा लागतो. तोच दर इथे लावला तर वीस लाखांच्या घराला वर्षाला वीस हजार घरपट्टी! आपला ग्रामसेवक अशी पावती घेऊन आला तर गावात काय होईल, कल्पना करा. वर विमा, कर्जाचा हप्ता, थंडीत घर तापवण्याचा खर्च. ते सगळं सुटतं म्हणून गाडीत बचत दिसते. राहायच्या सोयीही तिथे तशा आहेत. गाडी लावायच्या जागेवर पाणी, वीज आणि मैलापाण्याची जोडणी मिळते. केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात तर ठरावीक फीच्या परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हिवाळा काढतात. २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, तिथल्या कारखान्यांतून, मोटारीमागे ओढत न्यायच्या धरून, अशा सहा लाख गाड्या बाहेर पडल्या.

पण त्यातल्या कित्येक कर्जावर घेतलेल्या होत्या, आणि गाडीला पंधरा-वीस वर्षांचं कर्ज हा तिथला प्रकार मला बँकेच्या नजरेने भयंकर वाटतो. हप्ते हळूहळू फिटतात, गाडी भरभर झिजते. चार-पाच वर्षांनी बाकी कर्ज जास्त आणि तारणाची किंमत कमी. विकावी तर वरून पैसे भरून विकावी लागते. आपल्याकडे गाडीचं कर्ज सात वर्षांच्या पुढे सहसा जात नाही, हे बरंच आहे, पण त्यामुळे हप्ता मोठा. १५ लाख १० टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याला २४,९००. तेच १५ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं गृहकर्ज म्हणून घेतले तर १३,०००. अर्थात गृहकर्जात वीस वर्षांत १६ लाखांच्या वर व्याजच जातं, तेव्हा हप्ता छोटा म्हणून हुरळून जाऊ नये. आणि गावठाणातल्या घराला कर्ज मिळणंही सोपं नसतं. नुसत्या नमुना ८ च्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या, उताऱ्यावर मी स्वतः कितीतरी प्रकरणं परत पाठवली आहेत. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून सनद मिळायला लागली, तेव्हापासून जरा फरक आहे. घरकुलाच्या यादीत नाव असेल त्याला सरकारी अनुदान मिळतं. भाचा त्यात बसत नाही.

पण कर्जापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आमच्या भागातल्या कुठल्याही गावात मान वर करून पाहिली की दिसते. स्लॅबवरून वर आलेल्या कॉलमच्या सळया. कोणी त्यांना प्लास्टिकच्या बाटल्या घातलेल्या असतात, कोणाच्या गंजून लाल झालेल्या. बाहेरच्या माणसाला ते अर्धवट काम वाटतं. मला ती शेतकऱ्याची हप्तेबंदी वाटते. संत्र्याचा आंबिया बहार साधला तर दोन खोल्या, पुढच्या वर्षी मृग बहार लागला तर प्लास्टर, पोराच्या लग्नाआधी वरचा मजला. शेतीचा पैसा महिन्याला येत नाही, वर्षातून एक-दोनदा येतो, आणि एखाद्या वर्षी गारपिटीत जातो. घर त्या पैशासाठी थांबतं. बिनव्याजी थांबतं. गाडी अर्धी घेता येत नाही. यंदा इंजिन, पुढच्या हंगामात चाकं, असं कोणता शोरूमवाला देईल?

ताईच्या गव्हाचंही असंच. सुगीत गहू, तूर स्वस्त असतात तेव्हा वर्षाचं भरून ठेवायचं, कोठीत कडुनिंबाचा पाला टाकायचा. गाडीत पंधरा दिवसांच्या वर जागा नाही, म्हणजे सगळं किरकोळ भावाने, पाकिटातलं. कुरडया-पापड गच्चीवर वाळतात, तीही गेली. ह्या खर्चाची नोंद माझ्या पानावर नव्हती, ताईमुळे झाली.

आता उन्हाळा. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद आहे, आणि ४५ च्या आसपास तर आम्हाला बहुतेक मे महिन्यांत असतंच. पत्र्याच्या गाडीत अशा दिवशी माणूस राहील कसा? एसीने. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज घेतो. रात्रीचे आठ तास म्हणजे आठ युनिट. आपल्या घरी इन्व्हर्टरला १५० एएचची (अँपिअर-तासांची), १२ व्होल्टची बॅटरी असते. गुणाकार केला की १,८०० वॅट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटच्या आसपास. त्यातही साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे एका बॅटरीत कामाचं एक युनिटही धड नाही, आणि एका रात्रीला अशा आठ-नऊ बॅटऱ्या. लिथियमच्या घेतल्या तर वजन वाचतं, पैसे नाही. टपावर एक किलोवॅटचं सोलर बसवलं तर दिवसाला चार युनिट मिळतात, त्यात लॅपटॉप, फ्रीज आणि पंखे निघतात. रात्रीचा एसी नाही निघत.

कूलर वीज कमी खातो, पण पाणी पितो. मे महिन्यात आमचा कूलर दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज संपवतो. गाडीची टाकी शंभर-दोनशे लिटरची, त्यात आंघोळ, भांडी आणि कूलर. रोज संध्याकाळी टाकी भरायला नळ शोधायचा. उन्हाळ्यात आमच्या गावात नळ एक दिवसाआड येतो, तिथे पाहुण्याच्या गाडीला दोनशे लिटर कोण देईल?

उगाच गाडीला नावं ठेवायची नाहीत, म्हणून हेही सांगतो. स्लॅबचं घरही रात्री भट्टीच होतं. कवेलूची, म्हणजे कौलारू, मातीची घरं थंड होती, ती आम्हीच पाडली. आणि गाडीवाला मे महिन्यात चिखलदऱ्याला जाऊ शकतो, घराला तसं नेता येत नाही.

घराचीही खोड आहेच. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटून हाताएवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टेकलेली भिंत तिच्यासोबत हलते. म्हणून पाया काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम कुठे चार फुटांवर लागतो, कुठे दहा फुटांवर. तेवढ्यावरच अंदाजपत्रकात लाखभराचा फरक पडतो. पैसे वाचवायला ज्यांनी पाया वरच थांबवला त्यांच्या घरांत दुसऱ्याच उन्हाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली मी पाहिली आहे.

कायद्याचं थोडक्यात. प्रवासी गाडी घेऊन आसनं काढून पलंग ठोकला, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेली रचना मनाने बदलता येत नाही. राहत्या गाड्यांसाठी ए.आय.एस. १२४ हे वेगळं मानक आहे. तशी मान्य बांधणी आणि आरटीओत तशी नोंद असावी लागते, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, पण ते पर्यटनासाठी, संसारासाठी नाही. आणि गंमत म्हणजे गाडीची नोंदणी करायलाच पत्त्याचा पुरावा लागतो. अमेरिकेत ही मंडळी साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा टपालापुरता पत्ता घेतात, तिथे राज्याचा आयकरही नाही. आपल्या भाच्याचा पत्ता भाऊजींचाच राहणार. म्हणजे गाडीतल्या स्वातंत्र्यामागे कुणीतरी बांधलेलं एक घर उभं असतंच.

असं वर्षभर चालतं राहणारी माणसं आम्ही लहानपणापासून पाहतो. काठेवाडी मेंढपाळ शिवारात उतरतात. उंटाच्या पाठीवर बाज, गोधडी, भांडी, कोकरं, कधी कधी वर बांधलेलं लेकरूही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. पण त्यांचा हिशेब भाच्याच्या उलटा आहे. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळतं, त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. त्यांना चालण्याची मजुरी मिळते. भाच्याला चालण्याचं डिझेल भरावं लागतं. अमेरिकेतही ज्यांचं खरोखर भागतं त्यांतले पुष्कळजण मुक्कामाच्या जागीच राखणदारी, साफसफाई करून भाडं माफ करून घेतात.

भाच्याने विचारलं, "म्हणजे जमतच नाही?" जमतं. पहिला मालक होऊ नकोस. वीस लाखांच्या गाडीचा पहिल्या पाच वर्षांतला घसारा महिन्याला साडेअठरा हजार पडतो, पुढच्या पाच वर्षांत तोच सव्वाआठ हजार. पाच वर्षं वापरलेली, बांधणीची रीतसर नोंद असलेली गाडी नऊ लाखांत मिळाली तर बुडालेलं व्याजही निम्म्याहून कमी होतं, आणि अकरा लाख हातात राहतात. मग महिन्याला हजार किलोमीटर फिरूनही तो पुण्याच्या भाड्याच्या जवळपास येतो. मात्र दुरुस्तीचे पैसे वाढवून धरायचे, आणि गाडी गॅरेजला गेली की घरच गॅरेजला जातं, तेव्हा चार-आठ दिवसांच्या लॉजचेही.

ठरलं असं की आधी पंधरा दिवस भाड्याची गाडी घेऊन राहून पाहायचं. तो डिसेंबर म्हणत होता. ताई म्हणाली, "डिसेंबरात तं झाडाखालीही झोप येते. मे मधी जाय."

तोवर भाऊजींनी जागेवर एक खड्डा खणून घेतला, नुसतं बघायला म्हणून. मुरूम सात फुटांवर लागला.